चपळ काम आणि घाईचे काम

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, त्या घरात 'अ‍ॅजाइल' हा शब्द आता रोजच्या भाजीभाकरीइतका परिचयाचा झाला आहे. "आज स्प्रिंट संपतो आहे, जेवायला थांबू नका," हे वाक्य हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांच्या आयांनी इतक्या वेळा ऐकले आहे, की स्प्रिंट म्हणजे काय हे विचारण्याचेही त्यांनी सोडून दिले आहे. आम्ही मात्र विचारले. आमचे आयुष्य कामगारांत गेले. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. तेव्हा संगणकाच्या विद्येवर अधिकाराने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु काम कोण वाटतो, कोण मोजतो, किती दिवसांत होईल हे कोण ठरवतो, आणि बिघडले म्हणजे ते कोणाच्या माथी बसते, हा विषय आमचा आहे. अ‍ॅजाइल हा पुष्कळ अंशी त्याच विषयाचा भाग आहे, असे वाचता वाचता आमच्या ध्यानात आले.

अ‍ॅजाइल या शब्दाचा अर्थ चपळ. पहिला गैरसमज येथेच सुरू होतो, कारण चपळ म्हणजे जलद असे आपण धरून चालतो. कबड्डीत चढाई करणारा गडी पाहा. तो नाकासमोर धावत सुटला तर पहिल्याच झटक्यात पकडला जाईल. त्याची चपळाई वेगात नसते, ऐन वेळी वळता येण्यात असते. आणि वळता येण्यासाठी पाय अंगाखाली असावे लागतात, दम राखावा लागतो. ज्यांनी ही कामाची पद्धत घडवली त्यांच्या मनात हाच अर्थ होता. ज्यांनी ती पुढे कारखान्यात आणली त्यांतील पुष्कळांनी मात्र तिचा अर्थ 'लवकर उरका' असा केला. या दोन अर्थांमध्ये आज लक्षावधी तरुणांची झोप सापडली आहे, म्हणून हा विषय संगणकवाल्यांपुरता ठेवून चालणार नाही.

वळण्याची गरज मुळात का पडते? आमच्या परिचयाच्या एका कामगार पतसंस्थेने काही वर्षांपूर्वी कर्जखात्याचे सॉफ्टवेअर करून घेतले. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावयाचे ते पायरीपायरीने सांगणाऱ्या आज्ञांचा संच. काम घेणाऱ्या कंपनीचे दोन गृहस्थ आले, सचिवांशी तीन दिवस बोलले, दोनशे पानांचा मसुदा झाला, प्रत्येक पानावर सह्या झाल्या. मग चौदा महिने कोणी फिरकले नाही. चौदा महिन्यांनी जे आले ते मसुद्याबरहुकूम होते. फक्त कर्ज चालू असताना जामीनदार बदलण्याची सोय त्यात नव्हती. जामीनदार निवृत्त होतो, नोकरी सोडतो, त्याच्या जागी दुसरा घ्यावा लागतो, ही खिडकीवरच्या कारकुनाच्या रोजच्या हातातली गोष्ट. सचिवांना ती सांगण्याजोगी वाटली नाही, आणि कारकुनाला कोणी विचारले नाही. मसुद्यात नाही म्हणून निराळे पैसे पडतील, असे उत्तर आले. पुढे दोन वर्षे संगणकाच्या शेजारी जुनी वही चालू होती.

यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला नेमके काय हवे, हे माणसाला वस्तू हातात आल्यावाचून नीट सांगताच येत नाही. जुना शिंपी कोट पुरा शिवण्यापूर्वी कच्च्या टाक्यांवर अंगात घालून बघायला बोलावीत असे. माप घेताना तो चुकला होता म्हणून नव्हे, तर हात वर केल्यावर काखेत काय होते ते फितीवर उमटत नाही म्हणून.

आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी, आणि एक पायरी उतरल्यावर मागे फिरायचे नाही, या रीतीला त्या धंद्यात 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा म्हणतात. मौज अशी, की ही रीत ज्याच्या नावावर खपवली जाते त्या विन्स्टन रॉइस या अमेरिकन तंत्रज्ञाने १९७० साली आपल्या निबंधात हे पायऱ्यांचे चित्र काढले खरे, परंतु त्याच निबंधात ही रीत धोक्याची आहे असेही बजावले. तपासणी अगदी शेवटी आल्यामुळे चूक कळते तेव्हा काम पहिल्यापासून करण्याची पाळी येते, असे त्याचे म्हणणे होते; काम नव्या जातीचे असेल तर ते दोनदा करावे, पहिले प्रयोगादाखल, असा त्याचा सल्ला होता. धबधबा हा शब्दही त्या निबंधात नाही. लोकांनी चित्र उचलले आणि मजकूर सोडला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरसाठी जो नमुना बांधून दिला तो बहुतांशी त्या चित्राबरहुकूमच होता. कामगार कायद्यांचे वाचन कचेऱ्यांतून कसे होते ते पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

धबधब्याला पर्याय शोधणारे प्रयोग निरनिराळ्या ठिकाणी चालू होते. त्यांतील एकाची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण तो प्रयोग मोटारीच्या कारखान्यात आणि तोही पगारपत्रकावर झाला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीला आपल्या सुमारे ८७,००० नोकरांच्या पगाराचे हिशेब एकाच नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणावयाचे होते. पगाराचा हिशेब बाहेरच्याला सोपा वाटतो. परंतु जादा काम, पाळीभत्ता, उचल, रजा, कपाती, मागील करारातील थकबाकी, यांचे नियम एकमेकांत असे गुंतलेले असतात, की पगारचिठ्ठी वाचता येणे ही आमच्या चळवळीत स्वतंत्र विद्या समजली जाते. क्रायस्लरचे काम अडले. १९९६ साली केंट बेक नावाच्या प्रोग्रॅमरला तेथे बोलावण्यात आले, तोवर त्या सॉफ्टवेअरमधून एकही पगार निघालेला नव्हता. बेकने केलेले काम बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली, आणि रॉन जेफ्रीज या सहकाऱ्यासह काम करण्याची एक रीत बसवली. तिला पुढे 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' असे भडक नाव मिळाले. नावाकडे दुर्लक्ष करावे. आत जे आहे ते साधे आहे.

काम लहान लहान तुकड्यांत घ्यायचे, आणि प्रत्येक तुकडा चालू स्थितीत दाखवायचा. पगारखात्यातील जाणता माणूस प्रोग्रॅमर मंडळींच्या खोलीतच बसवायचा, म्हणजे शंका आली की पत्रव्यवहार नको. दोघांनी मिळून एका संगणकापुढे बसून लिहायचे. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असते. लिहिण्यापूर्वीच ते बरोबर चालते की नाही हे तपासणारी चाचणी लिहून ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अधिकारांची वाटणी. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणते मुळीच नको, हे धंद्याच्या बाजूने ठरवायचे. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे मात्र ते काम करणाऱ्यानेच सांगायचे. त्याने सांगितलेला अंदाज वरच्याने दटावून कमी करायचा नाही, आणि याने त्याचा क्रम आपल्या सोयीने फिरवायचा नाही. आम्ही आयुष्यात पुष्कळ करारनामे वाचले आहेत. त्यांतील चांगले करार असेच दोन बाजूंच्या मर्यादा नेमक्या सांगणारे होते.

बेकने १९९९ साली या रीतीवर पुस्तक लिहिले. त्यातील बारा नियमांमध्ये एक नियम आठवड्याला चाळीस तास कामाचा आहे. सलग दुसऱ्या आठवड्यात जादा काम करावे लागले, तर दोष कामगाराच्या मेहनतीत नसून योजनेत आहे असे समजावे, असा त्याचा रोख आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. त्यानंतर शंभरावर वर्षांनी एका नव्या धंद्यातील माणसाला कामाचे तास मर्यादित ठेवणे हे दयेचे नव्हे तर उत्तम कामाचे अंग म्हणून मांडावेसे वाटले, याची नोंद आमच्या चळवळीने जेवढी घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही.

क्रायस्लरचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण प्रचारक ते गाळतात. १९९७ साली सुमारे दहा हजार नोकरांचे पगार नव्या सॉफ्टवेअरमधून निघू लागले. परंतु उरलेल्यांपर्यंत ते कधीच पोहोचले नाही, आणि फेब्रुवारी २००० मध्ये कंपनीने ते काम बंद केले. कारणे अनेक सांगतात. आम्हाला त्यांतले एक विशेष वाटते. पगारखात्याच्या वतीने खोलीत बसणारी जी व्यक्ती होती, तिने पहिले पगार निघाल्यावर काही महिन्यांतच कामाच्या ताणाने थकून जागा सोडली, आणि तिच्या जागी तसे माणूस मिळाले नाही. चाळीस तासांचा नियम लिहिणाऱ्यांसाठी होता. सांगणाऱ्या एकट्या व्यक्तीवर सगळ्यांच्या प्रश्नांचा भार पडला, आणि तिचे तास कोणी मोजले नाहीत. या पद्धतीत ग्राहकाला सतत बरोबर ठेवा असे म्हणतात ते योग्यच. पण त्या ग्राहकालाही मूळची नोकरी असते, घर असते, हे योजनेत धरावे लागते.

क्रायस्लरचे काम बंद पडल्यावर वर्षभराने, फेब्रुवारी २००१ मध्ये, अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरी ठिकाणी सतरा जण जमले. बेक आणि जेफ्रीज त्यांत होते. निराळ्या रीतींचे पुरस्कर्तेही होते. अ‍ॅजाइल हे सामाईक नाव तेथे ठरले आणि एक छोटा जाहीरनामा निघाला. त्यात चार पसंती सांगितल्या आहेत: ठरीव प्रक्रिया आणि अवजारे यांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, करारातील शब्दांच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य, आणि ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. त्याखाली एक ओळ आहे, की मागे टाकलेल्या गोष्टींनाही मोल आहे, फक्त पुढच्यांना आम्ही अधिक मोल देतो. रॉइसच्या मजकुराची जी गत झाली तीच या ओळीची झाली. 'कागद नको, योजना नको, आम्ही अ‍ॅजाइल आहोत', हे वाक्य ती ओळ गाळल्यावाचून उच्चारता येत नाही.

योजनेचे म्हणाल तर या पद्धतीत ती कमी नसून जास्तच करावी लागते. धबधब्यात योजना एकदा होते. येथे दर एक-दोन आठवड्यांनी, झालेले काम पाहून, ती पुन्हा मांडावी लागते. त्या एक-दोन आठवड्यांच्या मुदतीलाच पुष्कळ ठिकाणी स्प्रिंट म्हणतात. आमच्या त्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर पुढे दोन तरुणांनी दुसऱ्यांदा केले तेव्हा ते एक आड एक शुक्रवारी येत, आणि झालेला तुकडा सचिवांच्या टेबलावर न ठेवता कारकुनाच्या खिडकीवर ठेवीत. पहिल्या शुक्रवारी फक्त हप्ता भरून घेण्याचे पान होते. कारकुनाने ते तीन सभासदांवर चालवून पाहिले आणि सांगितले, की पावतीवर शिल्लक मोठ्या अक्षरात हवी, कारण खिडकीशी येणारा माणूस चष्मा घरी विसरून येतो. दोनशे पानांत हे कोठे आले असते? कागदही झाला, वीस-बावीस पानांचा, पण जे प्रत्यक्ष चालू आहे तेवढेच सांगणारा, आणि पुढच्या माणसाच्या उपयोगाचा.

आता आराखड्याविषयी, कारण येथला गैरसमज सर्वांत महाग पडतो. थोडेथोडे करत जायचे तर आधी विचार कशाला, जमेल तसे लिहीत जावे, असे काहींना वाटते. पूल बांधताना नकाशा निराळा आणि बांधकाम निराळे. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या आज्ञा हाच नकाशा असतो आणि 'बांधकाम' यंत्र क्षणात करते, ही गोष्ट जॅक रीव्ह्ज याने १९९२ साली मांडली. म्हणजे प्रोग्रॅमर हा गवंडी नसून दिवसभर नकाशाच काढीत असतो. मग आराखड्याचे काम संपले असा दिवस उगवतच नाही. ते रोज थोडे करावे लागते. स्नोबर्डच्या मंडळींनी जाहीरनाम्याबरोबर बारा तत्त्वे दिली, त्यांत तांत्रिक उत्तमता आणि चांगला आराखडा यांकडे अखंड लक्ष ठेवल्याने चपळाई वाढते, असे स्वच्छ म्हटले आहे.

स्नोबर्डच्याच सतरांपैकी वॉर्ड कनिंगहॅम याने १९९२ साली, आर्थिक व्यवहाराच्या एका सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना, कर्जाची उपमा दिली होती. विषय पुरता कळण्याआधी लिहून ग्राहकापुढे ठेवणे म्हणजे थोडे कर्ज काढणे. कळल्यावर ते लगेच नीट करून लिहिले तर कर्ज फिटले, आणि मधल्या काळात कामही पुढे सरकले. नीट केले नाही, तर त्या वेड्यावाकड्या लिखाणावर खर्च होणारा प्रत्येक क्षण म्हणजे व्याज. ही उपमा आता सर्वतोमुखी आहे, परंतु उलट्या अर्थाने. "सध्या कसेतरी करा, कर्ज म्हणून नोंदवून ठेवा," असे सांगितले जाते, आणि फेडीचा आठवडा कधीच येत नाही. सावकाराचा दरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी जो बदल एका दिवसात होतो, तोच तिसऱ्या वर्षी आठवडा खातो. साहेब म्हणतात मुले आळशी झाली. मुले रात्री थांबून तो आठवडा तीन दिवसांवर आणतात, आणि त्या थकव्यात नवे कर्ज काढतात.

फेडीची रीत अशी, की बाहेरून दिसणारे काम तसेच ठेवून आतली रचना बदलत जायची. क्रायस्लरच्या कामावर सल्लागार असलेला मार्टिन फाउलर याने १९९९ साली या एका विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. क्रायस्लरचाच दाखला घ्या. सुरुवातीला पगार काढण्याचे काम संगणकाला सुमारे हजार तास पुरेल असे दिसत होते. रचना स्वच्छ होती म्हणून अडचणीच्या जागा मोजून शोधता आल्या. तो आकडा चाळीस तासांवर, मग अठरावर, आणि प्रत्यक्ष पगार निघू लागले तेव्हा बारा तासांवर आला.

परंतु चालू यंत्राच्या पोटात हात घालावयाचा तर काही तुटले की त्याच क्षणी कळले पाहिजे. येथे आम्हाला मागाची आठवण होते. जपानमध्ये साकिची टोयोडा याने १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला, त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबे. तोवर विणकराचे लक्ष चुकले तर तुटक्या धाग्यासह वारच्या वार कापड विणले जाई आणि नुकसान शेवटी कळे. या मागाचे हक्क पुढे १९२९ साली इंग्लंडच्या ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. प्लॅट हे नाव मुंबईच्या जुन्या गिरणी कामगारांना यंत्रावरच्या पाटीमुळे पाठ होते. टोयोडा घराण्याच्या मोटार कारखान्यात हीच कल्पना माणसाच्या हाती आली: दोष दिसताच कोणत्याही कामगाराने वरची दोरी ओढावी, जागच्या जागी दोष निघाला नाही तर ओळ थांबते. सॉफ्टवेअरमधील आपोआप चालणाऱ्या चाचण्या म्हणजे तोच धागा ओळखणारा काटा. कोणी एक ओळ बदलली की शेकडो चाचण्या धावतात, आणि एक जरी नापास झाली तरी सगळ्यांनी आधी ती दुरुस्त करावयाची, नवे काम नंतर.

अर्थात मागाची दुसरी बाजू आम्ही विसरत नाही. आपोआप थांबणारा माग आला म्हणून एकच कामगार तीसहून अधिक माग पाहू शकला. मुंबईत तर तसा माग नसतानाच दोनाऐवजी तीन मागांचा बोजा विणकरांवर टाकण्यात आला, आणि मजुरीच्या प्रश्नासह तेच १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाचे एक मोठे कारण ठरले. यंत्राने काम सोपे केले की वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही होता. आज संगणकच प्रोग्रॅम लिहून देऊ लागला आहे, त्यामुळे तो नव्या जोराने पुढे येणार आहे. परंतु दोरी ओढण्याचा अधिकार ही निराळी गोष्ट आहे. चाचण्यांची अवजारे विकत मिळतात. 'हे आज पाठवता येणार नाही' असे म्हणणाऱ्याला शाबासकी मिळेल की मेमो, ते विकत मिळत नाही. दोरी ओढणाऱ्याला मेमो मिळतो त्या कारखान्यात दोरी असून नसून सारखीच.

आणि आता मोजमाप. अ‍ॅजाइल रीतीत कामाच्या तुकड्याला 'स्टोरी' म्हणजे गोष्ट म्हणतात, आणि तिच्या आकाराला 'पॉइंट' देतात. पॉइंट म्हणजे तास नव्हेत. ही गोष्ट त्या गोष्टीच्या दुप्पट अवघड वाटते, एवढीच तुलना. पॉइंट ठरवण्याची एक छान रीत आहे. प्रत्येक जण आपला आकडा पत्त्यावर पालथा ठेवतो आणि सगळे एकदम उघडतात, म्हणजे वरिष्ठाचा आकडा ऐकून कनिष्ठ माणूस दबत नाही. गुप्त मतदानाचेच हे तत्त्व. जिचे आकडे सर्वांत लांब पडले त्या दोघांनी कारण सांगायचे, आणि पुष्कळदा एकाला माहीत असलेली अडचण बाकीच्यांना तेव्हाच कळते. स्प्रिंटमध्ये किती पॉइंट झाले याची बेरीज म्हणजे 'व्हेलॉसिटी'. तिचा उपयोग एकच: मागच्या वेळी वीस झाले, तर पुढच्या वेळी चाळीस अंगावर घेऊ नयेत. ते त्या मंडळींचे स्वतःसाठी ठेवलेले टिपण आहे.

हे टिपण मुकादमाच्या हाती गेले की काय होते ते आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. नगावर मजुरीचा तो जुनाच खेळ आहे. व्हेलॉसिटी दर महिन्याला वाढली पाहिजे असा हुकूम निघतो. मग काल ज्या कामाला तीन पॉइंट होते त्याला आज पाच लागतात, आलेख चढतो आणि काम होते तेवढेच राहते. या गटाची बेरीज त्या गटाशी ताडून पाहतात, जणू एकाचे शेर आणि दुसऱ्याचे पायली. ज्या जेफ्रीजला पॉइंटचा जनक समजतात, त्याने २०१९ साली याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. 'स्क्रम' या सर्वाधिक चालणाऱ्या रीतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत, स्प्रिंटमध्ये होणाऱ्या कामाबद्दल पूर्वी 'वचन' या अर्थाचा शब्द होता. २०११ साली तो काढून 'अंदाज' घालण्यात आला. हिंजवडीच्या किती व्यवस्थापकांनी ही दुरुस्ती वाचली असेल?

आमच्या कचेरीत आलेली एक मुलगी म्हणाली, "काका, स्प्रिंटभर मी दोन नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवलं. माझे पॉइंट निम्मे झाले आणि वार्षिक शेऱ्यात 'वेग कमी' असं आलं. शिकवण्याचे पॉइंट कोण देणार?" तिच्या कंपनीच्या भिंतीवर माणसे आणि संवाद यांना प्राधान्य देणारा तो जाहीरनामा चौकटीत लावलेला आहे, असेही तिने सांगितले.

१९११ साली फ्रेडरिक टेलर याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक निघाले. काम करणाऱ्याने विचार करू नये, वेळ मोजणाऱ्याने करावा, हे त्याचे सार. त्याच वर्षी अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्यांनी हातात घड्याळ घेऊन मागे उभ्या राहणाऱ्या माणसाविरुद्ध काम बंद केले. चौकशी झाली, आणि १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्या शस्त्रागारांत अशा घड्याळी मोजणीसाठी पैसा खर्च करण्यास बंदी घातली. अंदाज काम करणाऱ्याने द्यावा असे म्हणणारी अ‍ॅजाइल रीत टेलरच्या बरोबर विरुद्ध टोकाला आहे. तिच्याच पॉइंटचे घड्याळ बनवणे म्हणजे टेलरला मागच्या दाराने आत घेणे होय.

रोजच्या उभ्याने होणाऱ्या बैठकीचीही तीच कथा. पंधरा मिनिटांत एकमेकांच्या अडचणी कळाव्यात म्हणून ती असते. एक साहेब मध्ये उभा राहतो आणि प्रत्येक जण त्याच्याकडे तोंड करून हजेरी देतो तेव्हा ती पाळी सुरू होतानाची गणती होते. काम मागे पडले की माणसे वाढवण्याची जी सवय आहे तिच्याबद्दल आयबीएमच्या फ्रेडरिक ब्रुक्सने १९७५ सालीच लिहिले, की उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातली तर ते आणखी उशिरा होते, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. वर सांगितलेल्या मुलीने ते पुस्तक वाचलेले नव्हते.

तिच्याबरोबरच्या अकरा जणांच्या सहीने कंपनीकडे एक पत्र गेले. आमचे त्यात फक्त मसुद्याला साहाय्य. त्यात पगारवाढ मागितलेली नाही. पॉइंट आणि व्हेलॉसिटी यांचा उल्लेख कोणाच्याही वार्षिक शेऱ्यात असू नये, हे एक कलम. कोणत्याही गटाला सलग दुसऱ्या आठवड्यात जादा थांबावे लागले, तर त्या स्प्रिंटच्या अखेरच्या आढाव्यात पहिला विषय तोच घ्यावा, आणि काम कमी केले की मुदत वाढवली याची लेखी नोंद व्हावी, हे दुसरे. पत्रासोबत बेकच्या बारा नियमांचा आणि स्नोबर्डच्या बारा तत्त्वांचा उतारा जोडला होता, कारण दोन्ही कलमे कंपनीने स्वतः भिंतीवर लावलेल्या गोष्टींतूनच निघतात. पहिले कलम त्या एका विभागापुरते मान्य झाले आहे. दुसऱ्यावर, ग्राहक परदेशी असल्याने त्याच्याशी बोलावे लागेल असे उत्तर आले. तेव्हा त्या ग्राहकालाच पुढच्या आढाव्याला बोलवावे, अशी विनंती मुलांनी उलट टपाली केली आहे.